सतराव्या खणातली कुपी

एक

मनुष्याने नियम केले ते स्वतःच्या दुर्बलतेपासून स्वतःचेच रक्षण व्हावे म्हणून. त्यात गैर काहीच नाही. परंतु नियमाला डोळे नसतात. पाहण्याचे काम अखेर माणसाकडेच राहते, आणि ते ज्याने टाळले त्याच्या हातून, हेतू निर्मळ असूनही, अनर्थ घडू शकतो. पुढील हकीकतीत दुष्ट असा कोणीही नव्हता. तरीही एका आजारी तरुणाचे प्राण सहा तास एका बंद दाराआड अडकून राहिले.

सकाळी दहा वाजता जिवाणूंवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरताईंनी प्रयोगशाळेच्या फ्रीझरमधून निळा डबा काढला, झाकण उचलले आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. सतरावा खण रिकामा होता.

त्या खणातल्या कुपीत एक जिवाणू गोठवून ठेवलेला होता. सहा वर्षांपूर्वी एका रानगवताच्या मुळाशी तो सापडला. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या द्रव्याने प्रथम रोपांवरचा करपा थांबवला, आणि पुढे लक्षात आले की माणसाच्या फुप्फुसात वाढणारी, कोणत्याही औषधाला दाद न देणारी एक बुरशीही त्याच द्रव्याने मरते. डॉक्टरताईंचा धाकटा भाऊ त्याच बुरशीने रुग्णालयात पडून होता. परवानगी यायला महिना लागेल असे सर्वांना वाटत होते. ती आदल्या दिवशीच आली. अट एकच होती : माणसाला द्यायचे औषध मूळ कुपीपासूनच करायचे, रोज वापरातल्या जिवाणूपासून नव्हे. कुपीतला जिवाणू काचेच्या प्लेटवर वाढायला सहा दिवस, पुढे द्रव्य काढून शुद्ध करायला पाच. भावाचे डॉक्टर म्हणाले होते, "दहा-अकरा दिवसांपलीकडचं आम्ही काही बोलत नाही."

मूळ कुप्या तीन होत्या. दोन मागेच संपल्या होत्या. ही शेवटची.

डॉक्टरताईंची हाक ऐकून सुरक्षेचे काम पाहणाऱ्या काकू आल्या. पूर्वीच्या नावाजलेल्या जिवाणूतज्ज्ञ. निवृत्तीनंतर संस्थेने त्यांना या इमारतीच्या नियमांची राखण दिली होती. त्यांनी खणावर विजेरीचा झोत टाकला. शेजारच्या अठराव्या खणातली कुपी चिमट्याने उचलून तिच्याखालचा तळ पाहिला. पुन्हा सतराव्याचा तळ पाहिला, तिथला पांढरा भुरभुरीत थर चिमट्याच्या टोकाने खरवडला, आणि भिंतीवरचे लाल बटण दाबले.

बाहेरचे लोखंडी दार धप्पकन बंद झाले.

"काकू!" डॉक्टरताई ओरडल्या. "अहो, हे काय केलंत?"

"नियम आहे, बाळ. एक कुपी जरी कमी भरली तरी दार बंद. या इमारतीत ती जीवघेणी बुरशीही कुप्यांतच आहे. कमी कोणती भरली हे दाराला कळत नाही."

"आणि मेळ बसलाच नाही तर?"

काकूंनी घड्याळाकडे पाहिले. "चार वाजता आतलं सारं वाफेखाली मारून टाकायचं. जिवाणू, बुरशी, रोपं, प्लेटी. मग आपल्याला अंघोळ घालून सोडतील."

दोन

आत चौघेच होते. काकू, डॉक्टरताई आणि आणखी दोघे.

एक रसायनतज्ज्ञ, ज्यांना सारे 'अर्क' म्हणत. जिवाणूच्या द्रव्याचा अर्क काढणे हे त्यांचे काम, आणि स्वभावही नावाला जागणारा. दुसरे माळीबुवा. हे खरे माळी नव्हेत. जिवाणूंची निगा राखणारे जुने सहायक. काचेच्या प्लेटींवर ते जिवाणू असे जोपासत की जणू फुलझाडे लावली आहेत. निवृत्तीला त्यांचे दोन महिने उरले होते.

विश्रांतीच्या अरुंद खोलीत चौघे बसले. खिडकी नव्हती. एका भिंतीत जाड काच होती, आणि काचेपलीकडे संस्थेचे प्रमुख, ज्यांना सारे सर म्हणत, बोलयंत्र हातात घेऊन उभे होते.

"काकू, मला वरून विचारणा होतेय," सरांचा आवाज यंत्रातून खरखरत आला. "चारच्या पुढे एक मिनिट मिळणार नाही."

"मागितलंय कोणी?" काकू म्हणाल्या. "बुवा, चहा टाका जरा."

बुवांनी चहा केला. अर्कांनी पहिला घोट घेतला आणि तो तसाच बेसिनमध्ये थुंकला. "अरे देवा! दूध नासलंय हो! कोंडून मारायचं कमी पडलं म्हणून आता विष?"

डॉक्टरताईंनी कप नाकाशी नेऊनच खाली ठेवला. त्यांचे चहात लक्ष नव्हते. बुवांनी आपला कप संपवत आणला होता. तो त्यांनी घाईने बाजूला सारला. "हो, जरा उतरलंय खरं," ते पुटपुटले.

काकूंनी चारही कप स्वतः उचलून धुतले.

"आता बोला," त्या म्हणाल्या. "फ्रीझरची किल्ली तुम्हा तिघांकडे. कोणावर संशय आहे, तोंडावर सांगा. पाठीमागे बोलायला इथे पाठीमागे जागाच नाही."

अर्क हसले, पण हसू ओठांवरच राहिले. "राग मानू नका, ताई. पण या कुपीची गरज सगळ्यात जास्त कोणाला? जिचा भाऊ अंथरुणावर आहे तिला. परवानगी नाही आली तर काय, असं कोणाच्याही मनात येईल. माझ्याही आलं असतं."

"म्हणजे मी चोरली?" डॉक्टरताई उठल्या. "चोरली असती तर आज सगळ्यांसमोर डबा कशाला उघडला असता? आणि तुमच्या टेबलाच्या खणात त्या औषध कंपनीचं पत्र आहे, ते विसरलात का? 'आपल्या अनुभवाचे स्वागत आहे.' अनुभवाचं की अनुभवासोबत आणलेल्या भेटीचं?"

अर्कांचा चेहरा उतरला.

"माझ्या खणात हात घातलात तुम्ही?"

"तुम्हीच तर मोठ्यानं वाचून दाखवलं होतंत! टाळ्या हव्या होत्या तेव्हा."

माळीबुवा मान खाली घालून बसले होते. त्यांचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले होते, आणि बोटे पांढरी पडली होती.

तीन

काकूंनी एकेकाला कपडे बदलण्याच्या खोलीत बोलावले.

अर्क आत येताच म्हणाले, "पत्राचं खरं आहे. जायचं मनात होतं. पण चोर नाही हो मी, काकू. मोठं तोंड आहे माझं, लांब हात नाहीत."

"तुमच्या कामाचं सांगा. गेल्या दोन-तीन महिन्यांत अर्क किती निघाला?"

"वाढलाय! आठवड्याला जवळजवळ दीडपट. बुवांच्या प्लेटी अशा भरल्यात की विचारू नका."

"तो बुरशीवर लावून पाहिलात?"

अर्क थबकले. "दर वेळी कशाला? पाच वर्षं तेच द्रव्य येतंय. मी वजन करतो, नोंद करतो."

"बरं," काकू म्हणाल्या. एवढेच.

माळीबुवा आले ते हात जोडूनच. काकूंनी त्यांना बाकावर बसवले आणि स्वतः शेजारी बसल्या. दोघे जवळजवळ एकाच वयाचे.

"बुवा, तुमची पद्धत मला पुन्हा सांगा. मी जुनी बाई, विसरले."

बुवांचा चेहरा क्षणभर खुलला. "दर आठवड्याला प्लेट बघायची. त्यातला सगळ्यात धष्टपुष्ट ठिपका निवडायचा आणि नव्या प्लेटवर लावायचा. पुढच्या आठवड्याला पुन्हा तेच. गोठवलेल्या जिवाला काय करायचंय? हलता-वाढता जीव हवा. सर म्हणायचे, मूळ कुपीतून पुन्हा पुन्हा सुरू करा. मी म्हटलं, लेकराला रोज नव्यानं जन्माला घालतात का?"

"धष्टपुष्ट कसा ओळखता?"

"बघून... म्हणजे, बघूनच की."

"पूर्वीही बघूनच?"

 बुवांनी दाराकडे पाहिले, जणू ते उघडे असेल.

शेवटी डॉक्टरताई आल्या. त्या बसल्या नाहीत.

"काकू, दुपारचा एक वाजला. तो तिथे नळ्या लावून पडलाय आणि मी इथे बाकांवरून बाकांवर फिरतेय. बोलयंत्रावर सर सांगतात की सकाळी त्याचा श्वास पुन्हा अडकला होता. मला सोडा. मला शिक्षा करा पण सोडा."

"तुला सोडलं तर बाकीचं सगळं वाफेखाली जाईल. दार उघडलं की नियमाच्या दृष्टीनं शोध संपला." काकूंनी त्यांचा हात धरला. "चल माझ्याबरोबर. मला एकच गोष्ट बघायचीय, आणि ती कुपी नाही."

चार

त्या दोघी रोपांच्या काचघरात गेल्या. कृत्रिम उजेडाखाली रोपांचे ट्रे ओळीने मांडलेले होते. प्रत्येक ट्रेवर फवारणीची तारीख. नियम असा की दर आठवड्याच्या द्रव्याचा एक फवारा या करपा लावलेल्या रोपांवर मारायचा. फवारा मारला जात होता, तारीखही लिहिली जात होती. नंतर ट्रे मागच्या रांगेत सरकवले जात, कारण पाच वर्षांत तिथे पाहण्यासारखे काही घडलेच नव्हते.

काकूंनी मागची रांग पुढे ओढली.

जुन्या तारखांची रोपे हिरवीगार होती. जरा अलीकडच्या ट्रेमध्ये एखाददुसरा तपकिरी ठिपका. त्याच्या पुढच्यात ठिपके वाढलेले. गेल्या महिन्याच्या ट्रेमध्ये तर एकही पान धड नव्हते. सारी करपून वाकली होती.

डॉक्टरताईंचा हात तोंडावर गेला. "म्हणजे द्रव्यात जोरच उरला नाही? हे औषध म्हणून मी त्याला..."

"मूळ कुपीची अट म्हणूनच घातलेली असते, बाळ."

"पण ती कुपीच नाही आता!"

काकूंनी घड्याळ पाहिले. पावणेतीन.

"सगळ्यांना उबवणपेटीपाशी बोलाव," त्या म्हणाल्या. "कुपी कोणी उचलली ते मला कळलंय. ती कशासाठी उचलली, तेही बहुधा कळलंय. बरोबर कळलंय की नाही हे ठरवायला मात्र तुझं नाक लागेल."

पाच

उबवणपेटीचे दार काकूंनी उघडले. आत बारा प्लेटी होत्या, बाराही प्लेटींवर एकच चिठ्ठी, एकच हस्ताक्षर. नोंदीतही बाराच.

"मेळ बसतो," अर्क म्हणाले. "इथे काय बघायचं?"

"तेच तर. आपण सगळे मोजतो, बघत नाही." काकू हळूहळू बोलत होत्या, वर्गात शिकवल्यासारखे. "सतराव्या खणाच्या तळाशी बर्फाचा भुगा साचला होता. शेजारच्या खणात कुपीखालचा तळ कोरडा होता. कुपी उचलल्यावर इतका भुगा साचायला पाच-सहा दिवस लागतात. म्हणजे आज सकाळी कोण कुठे होतं याला काही अर्थ नाही. आता, इथून जिवंत काही बाहेर न्यायचं तर सरांच्या सहीची पेटी लागते. महिन्याभरात तशी पेटी गेली नाही. अर्कसाहेबांनी कंपनीसाठी ती उचलली असती, तर पाच दिवस ती इथेच ठेवून काय केलं? आणि ताईला ती हवी होती ती सीलबंद, सगळ्यांसमोर. तिनं आधी उघडली असती तर स्वतःच्याच हातानं परवानगी मोडली असती."

अर्क आणि डॉक्टरताई एकमेकांकडे पाहू लागले.

"म्हणजे कुपी इथेच उघडली गेली. जिवाणू इथेच वाढवला गेला. असं कोण करील? ज्याला उमगलं की आपल्या हातचा जिवाणू बिघडलाय, आणि कोणाला कळायच्या आत जो नवा करू पाहतो. जिवाणूला शत्रू नसेल, खायला भरपूर असेल, तर तो शस्त्र बनवायचं सोडून देतो आणि नुसता फुगतो. फुगलेलाच ठिपका दर आठवड्याला पुढे निवडला, तर काही महिन्यांत सगळी प्लेट निःशस्त्र होते. अर्क वजनाला दीडपट भरतो, आणि रोपं करपतात. पण पाच वर्षं असं झालं नाही. कारण तेव्हा निवड डोळ्यांनी होत नव्हती."

त्या माळीबुवांकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला.

"हा जिवाणू चांगला असला की ओल्या मातीचा वास देतो. तुम्ही पूर्वी वासानं निवडायचात, बुवा. मीच तर शिकवलं होतं. गेल्या थंडीत तुम्हाला तो मोठा ताप आला. आज नासलेल्या दुधाचा चहा तुम्ही जवळजवळ संपवलात."

माळीबुवा भिंतीला टेकून खाली बसले.

"गेलाय," ते म्हणाले. "तापात वास गेला तो आलाच नाही. वाटलं, येईल. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आला असता माझ्या जागी. तीस वर्षं हेच हात, हेच नाक. गेल्या आठवड्यात मागचे ट्रे धुवायला काढले आणि ती पानं पाहिली. मग कुपी उघडली, आणि एक जुनी प्लेट टाकून तिच्या जागी ही ठेवली. पुन्हा वाढवून कुपी भरून ठेवणार होतो. महिना होता हातात, असं वाटलं होतं. तुमची परवानगी काल आली, ताई."

डॉक्टरताई त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. राग आणि रडू एकदमच आले होते.

"सकाळी दहा वाजल्यापासून मी इथे तडफडतेय, बुवा! तोंड का नाही उघडलंत?"

"नोंद नसलेली प्लेट सापडली की ती तिथल्या तिथे वाफेखाली. नियम आहे. आणि... ती चांगली वाढलीय की वाया गेलीय, हेच मला कळत नाही हो. कळायला नाकच नाही. वाया गेली असेल तर शेवटची कुपीही मीच संपवली. ते कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला?"

सहा

काकूंनी बारा प्लेटी टेबलावर मांडल्या. अकरा प्लेटींवरचे ठिपके मोठे, गोल आणि चकचकीत होते. बाराव्या प्लेटवरचे लहान, सुरकुतलेले, वर राखाडी भुकटी पसरलेले. एकत्र पाहिल्यावर कोणालाही ओळखू आले असते. एकत्र कोणी पाहिले नव्हते.

"प्लेट हुंगणं या इमारतीत मना आहे," काकू म्हणाल्या. "नियम माझाच आहे. आज तो मी मोडतेय, आणि तसं लिहिणारही आहे. ये, बाळ."

त्यांनी झाकण बोटभर उचलले. डॉक्टरताई वाकल्या.

 अर्कांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. ते विनोद करत नव्हते एवढे नक्की.

"माती," डॉक्टरताई म्हणाल्या. "ओली माती. नुकत्याच शिंपलेल्या वाफ्यासारखी."

माळीबुवांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"कुपी कुठेय, बुवा?" काकूंनी विचारले.

"रिकाम्या कुप्यांच्या डब्यात. तळाशी. चिठ्ठी तशीच आहे."

ती खरोखर तिथेच होती. अर्कांनी ती काचेसमोर धरली तेव्हा घड्याळात साडेतीन झाले होते.

"कुपी मिळाली," काकू बोलयंत्रात म्हणाल्या. "उघडलेली. आतला जिवाणू बाराव्या प्लेटवर आहे."

सरांचा चेहरा आक्रसला. "नोंद नसलेली प्लेट? काकू, तिचा नियम तुम्हाला मी सांगायला हवा?"

"नोंद नव्हती. आता आहे." त्यांनी नोंदवही उघडली आणि उभ्या उभ्याच लिहू लागल्या. "कोणी उघडली, का उघडली, केव्हा उघडली, सगळं लिहितेय. एक शब्दही लपवणार नाही. खाली माझी सही. उद्या मला घरी बसवायचं तर बसवा. घर आहे मला. पण हे ऐका. ताई आज मूळ कुपी उघडून प्लेटवरच लावणार होती. तीच ही प्लेट आहे, मूळ कुपीतली पहिली पिढी. फरक एवढाच की हिचे सहा दिवस आधीच पुरे झालेत."

डॉक्टरताईंनी झटकन वर पाहिले. दिवसांचा हिशेब त्यांच्या आता लक्षात आला होता. अकरा नव्हते; पाच होते.

सरांनी काचेवर कपाळ टेकले. मग म्हणाले, "शुद्धतेची खात्री?"

"उद्या सकाळपर्यंत बुरशीवर लावून दाखवतो," अर्क म्हणाले. "यावेळी नुसतं वजन करणार नाही, सर. आईशप्पथ."

चाराला दहा कमी असताना लोखंडी दार उघडले. बाहेर जायला डॉक्टरताईंनी पाऊल उचलले, आणि मग त्या थांबल्या. माळीबुवा अजून भिंतीपाशीच बसले होते.

"उठा, बुवा. मी तासाभरात त्याला बघून येते. तोवर जिवाणू वाढवायचा द्रव तयार ठेवा. त्यात पेरायचं तुमच्या हातानं. वास मी घेईन."

"मी? माझ्याकडून पुन्हा..."

"तुमच्याच हाताला माहीत आहे ना ते कसं करायचं? मग उठा. भाऊ माझा आहे, रडणार मी आहे, तुम्ही कशाला?"

ते उठले. अर्कांनी त्यांचा कोपर धरून त्यांना टेबलापर्यंत नेले.

सहाव्या दिवशी सकाळी औषधाचा पहिला थेंब त्या तरुणाच्या शिरेत गेला. दोन दिवस काहीच घडले नाही. त्या दोन दिवसांविषयी डॉक्टरताई पुढेही कधी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. नवव्या दिवशी नळी काढली, आणि त्याने घोगऱ्या आवाजात बहिणीला विचारले की तू इतके दिवस अंघोळ केली होतीस ना.

काकूंवर चौकशी बसली. त्यांनी लिहिलेले पान जसेच्या तसे वाचले गेले. माळीबुवांनी आपला दोष स्वतःच्या तोंडाने सांगितला, आणि राहिलेले दोन महिने ते एका मुलीला ठिपके निवडायला शिकवत राहिले.

ज्याने चूक केली त्याला ती सांगण्याचे धैर्य लाभो. ज्याने नियम राखला त्याच्या दृष्टीत करुणा राहो. ज्याचा श्वास परत आला तो शतायुषी होवो, आणि त्याच्या उशाशी बसणारीला आता निश्चिंत झोप लागो.